पोएम : अकॅलेशियावरील दुर्बिणीची शस्त्रक्रिया

पोएम (पेरोरल एंडोस्कोपिक मायोटॉमी) म्हणजे तोंडावाटे लवचिक दुर्बीण घालून अन्ननलिकेच्या भिंतीतला स्नायू आतूनच कापण्याची शस्त्रक्रिया. पोटावर किंवा छातीवर छेद घ्यावा लागत नाही. ती मुख्यतः अकॅलेशिया या गिळण्याच्या विकारासाठी करतात.

अकॅलेशियात अन्ननलिकेच्या स्नायूंना सैल पडण्याचा संदेश देणाऱ्या चेतापेशी नष्ट होतात. त्यामुळे जठराच्या तोंडाशी असलेली झडप घास आला तरी उघडत नाही, आणि घास खाली ढकलणारी स्नायूंची लाटही उरत नाही. दरवर्षी साधारण लाखात एकाला हा विकार जडतो. घन पदार्थांबरोबर पाणीही पहिल्यापासून अडकते, ही त्याची महत्त्वाची खूण. कर्करोगात सहसा आधी घन पदार्थ अडतात आणि द्रव बरेच नंतर. साचलेले अन्न रात्री आडवे झाल्यावर वर येते, ठसका लागतो, वजन उतरते. छातीतली जळजळ म्हणून कित्येक रुग्ण वर्षानुवर्षे नुसत्या आम्लपित्ताच्या गोळ्या घेत राहतात.

निदानासाठी आधी एंडोस्कोपी करतात. झडपेपाशी वाढलेला कर्करोग हुबेहूब अकॅलेशियासारखा वागू शकतो, म्हणून ही पायरी टाळता येत नाही. मग बेरियम पाजून क्ष-किरण चित्रे आणि शेवटी मॅनोमेट्री, म्हणजे अन्ननलिकेतील दाबाचे मोजमाप. त्यावरून विकाराचे तीन प्रकार पडतात. तिसऱ्या प्रकारात खालच्या भागातले स्नायू अवेळी, जोराने आवळले जातात. पोटातून केलेल्या शस्त्रक्रियेला तिथवर वर पोहोचता येत नाही. पोएमने मात्र छेद हवा तेवढा वर नेता येतो. या प्रकारात पोएमचे पारडे खरोखर जड आहे.

स्नायूछेदाची कल्पना जुनीच आहे. जर्मन शल्यविशारद एर्न्स्ट हेलर यांनी 1913 मध्ये तो बाहेरून केला आणि पुढे तो लॅप्रोस्कोपीने, म्हणजे पोटावरच्या छोट्या छिद्रांतून, होऊ लागला. 2007 मध्ये पंकज पसरिचा व सहकाऱ्यांनी डुकरांवर दुर्बिणीतून तो करून दाखवला. 2008 मध्ये जपानमधील योकोहामा येथे हारुहिरो इनोउए यांनी माणसावर पहिली पोएम केली आणि 2010 मध्ये 17 रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला.

पद्धत : आदले एक-दोन दिवस रुग्णाला केवळ पातळ द्रव देतात. तरीही अन्ननलिकेत अन्न उरलेले असू शकते. भूल देताना ते श्वासनलिकेत उतरण्याचा धोका असल्याने गरज पडल्यास आधी ते उपसून काढतात. संपूर्ण भूल आणि श्वासनलिकेत नळी आवश्यक असते. फुगवण्यासाठी साधी हवा न वापरता कार्बन डायऑक्साइडच वापरतात, कारण स्नायू कापल्यावर वायू छातीत व पोटात झिरपतोच आणि कार्बन डायऑक्साइड लवकर शोषला जातो.

दुर्बिणीच्या टोकावर पारदर्शक टोपी बसवतात. झडपेच्या साधारण 10 ते 15 सेंमी वर, अस्तराखाली निळा रंग मिसळलेले सलाइन टोचून फुगवटा आणतात आणि त्यावर दीड-दोन सेंमीचा उभा छेद घेतात. या छेदातून दुर्बीण अस्तर आणि स्नायू यांच्या मधल्या थरात शिरते. पुन्हा सलाइन, पुन्हा विजेच्या सुरीने तंतू कापणे, असे करत बोगदा झडप ओलांडून जठरात 2-3 सेंमीपर्यंत नेतात. सुरी नेहमी स्नायूच्या बाजूला ठेवायची. अस्तराला चटका बसला तर पुढे तिथेच भोक पडू शकते.

स्नायूछेद बोगद्याच्या तोंडापासून 2-3 सेंमी खाली सुरू करतात. ही सगळ्या रचनेची किल्ली आहे : अस्तरातला छेद आणि स्नायूतला छेद समोरासमोर येत नाहीत, त्यामुळे मधले अखंड अस्तर झाकणाचे काम करते आणि अन्ननलिकेतले काही छातीत गळत नाही. आतला वर्तुळाकार स्नायू कापायचाच असतो. बाहेरचा उभा थर इतका पातळ असतो की तो बऱ्याचदा आपोआप फाटतो. शेवटी बोगद्याचे तोंड क्लिपांनी बंद करतात.

झडप नेमकी कुठे संपली हे ओळखणे नवख्याला सर्वांत अवघड जाते. बोगदा झडपेपाशी अरुंद होतो, जठरात शिरताच एकदम मोकळा होतो आणि रक्तवाहिन्या दाट दिसू लागतात. खात्रीसाठी दुर्बीण जठरात नेऊन मागे वळवतात. अस्तराखाली निळा रंग दिसला की बोगदा पुरेसा खाली आला. छेद अपुरा राहिला तर गिळण्याचा त्रास टिकतो, वाजवीपेक्षा खाली गेला तर आम्ल वर येण्याचे प्रमाण वाढते.

आम्ल वर येणे हाच पोएमचा मुख्य दोष. हेलरच्या शस्त्रक्रियेत जठराचा भाग गुंडाळून आम्लाला अडसर करतात. पोएममध्ये तो नसतो. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या यादृच्छिक चाचणीत (रुग्णांची उपचारगटांत चिठ्ठी टाकल्यासारखी विभागणी करून केलेल्या) दोन वर्षांनंतर यश जवळपास सारखेच होते, पोएमला 83 टक्के आणि लॅप्रोस्कोपिक हेलरला 81.7 टक्के, पण आम्लाने अन्ननलिकेला आलेली सूज 44 विरुद्ध 29 टक्क्यांत आढळली. त्याच वर्षीच्या दुसऱ्या चाचणीत फुग्याने झडप ताणण्याच्या उपचाराला 54 टक्के, तर पोएमला 92 टक्के यश मिळाले. जळजळ नसली तरी सूज असू शकते, म्हणून केवळ लक्षणांवर विसंबून आम्लरोधक औषध थांबवणे चुकीचे.

त्वचेखाली वायू साचल्याने गळ्याला हात लावल्यावर करकर जाणवते, पण ते आपोआप ओसरते. पोट ताठ फुगून श्वासयंत्राचा दाब वाढला तर सुई टोचून वायू काढतात. रक्तस्राव, छातीच्या पोकळीत वायू आणि गळती या क्वचितच्या, परंतु गंभीर गुंतागुंती. पूर्वी झडप सैल करण्यासाठी बोटुलिनम इंजेक्शन किंवा अन्य उपचार झाले असतील तर थर चिकटलेले असतात आणि बोगदा खणणे जिकिरीचे होते. रक्त गोठण्याचा दोष किंवा छातीवर पूर्वी दिलेले किरणोपचार असतील तर पोएम सहसा टाळतात.

दुसऱ्या दिवशी बहुधा क्ष-किरणांत दिसणारे द्रव पाजून गळती नसल्याचे तपासतात. मग द्रव आणि आठवडा-दोन आठवडे मऊ आहार. शस्त्रक्रियेने वाट मोकळी होते, पण हरवलेली लाट सहसा परत येत नाही. घास गुरुत्वाकर्षणानेच खाली जातो. म्हणून ताठ बसून, पाण्याबरोबर, सावकाश जेवावे आणि जेवल्यावर लगेच आडवे होऊ नये. त्रास परतला तर आधी अपुरा छेद, व्रण की आम्लामुळे आलेला आकुंचित भाग हे शोधून मग फुगा किंवा पहिल्या छेदाच्या विरुद्ध बाजूच्या भिंतीवर दुसरी पोएम करतात. अन्ननलिका फार फुगून नागमोडी झाली असेल आणि बाकीचे उपचार थकले असतील, तर अखेरीस ती काढावी लागते.