फेसबुक पहिलं नव्हतं हो!

"सोशल नेटवर्किंग झुकरबर्गने शोधलं" हे वाक्य इतकी वर्षं फिरतंय की लोकांना ते खरंच वाटायला लागलंय, आणि मला दरवेळी वाईट वाटतं, कारण आधी खपलेल्या माणसांचं नावच पुसलं जातं. फेसबुक फेब्रुवारी २००४ मध्ये हार्वर्डपुरतं सुरू झालं, सगळ्यांसाठी उघडलं सप्टेंबर २००६ ला. त्याआधी फ्रेंडस्टर होतं, मायस्पेस होतं, आणि ऑर्कुट तर त्याच्या काही दिवस आधी, जानेवारी २००४ लाच आलं होतं.

आता अजून मागे जा. १९९७ ला अँड्र्यू वाइनरिकने सिक्सडिग्रीज काढलं, त्यात प्रोफाइल, मित्रांची यादी, मित्राचे मित्र, सगळं होतं. फक्त तेव्हा बहुतेकांचे मित्रच ऑनलाइन नव्हते, मग करणार काय तिथे?

पण मला सगळ्यात भावतं ते १९७३ चं बर्कलीतलं कम्युनिटी मेमरी. रेकॉर्डच्या दुकानात एक टेलिटाइप मशीन, म्हणजे टाइप केलेलं फोनलाइनने पाठवणारं आणि आलेलं कागदावर छापणारं टाइपरायटरसारखं यंत्र, ठेवलेलं, आवाज फार करायचं म्हणून पुठ्ठ्याच्या खोक्यात बंद, हात घालायला दोन भोकं, आणि फोनलाइनने ते सॅन फ्रान्सिस्कोतल्या मोठ्या कॉम्प्युटरला जोडलेलं. येणाराजाणारा कुणीही संदेश टाकायचा, दुसऱ्यांचे शोधून वाचायचा, वादक साथीदार शोधायचे, कुणी कविता टाकायचं.

१९७८ ला शिकागोत वॉर्ड क्रिस्टेन्सन आणि रँडी स्यूस यांनी सीबीबीएस सुरू केलं, म्हणजे घरच्या कॉम्प्युटरवरून फोन लावून संदेश टाकायचा-वाचायचा सूचनाफलकच. फोनलाइन एकच, म्हणून एका वेळी एकच माणूस आत, बाकीच्यांना एंगेज टोन. तरी लोक परत परत फोन लावायचे.

मग झुकरबर्गचं श्रेय काय? आधी असलेली गोष्ट त्याने जगभर नेली, हे मोठंच काम आहे, पण शोध नाही.