परलोकाचा आधार किती पक्का?

मरणानंतर काहीतरी आहे असं मानणारा माणूस मृत्यूला कमी घाबरत असणार, हे आपण गृहीत धरून चालतो. संशोधकांना मात्र तसं ठामपणे दिसलेलं नाही. जोनाथन जाँग आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये या विषयावरचे सुमारे १०० अभ्यास एकत्र तपासले. त्यांतल्या निम्म्याहून अधिक अभ्यासांत धार्मिकता आणि मृत्यूचं भय यांचा काही संबंधच आढळला नाही. काहींत तर धार्मिक माणसंच जास्त घाबरलेली निघाली.

याहून चकित करणारा अभ्यास २०१८ चा, तिबेटी बौद्ध भिक्खूंचा. पुनर्जन्म मानणारे आणि ‘कायमस्वरूपी मी असा कुणी नाही’ याचं वर्षानुवर्षं चिंतन करणारे हे लोक. पण स्वतःचं अस्तित्व पुसलं जाण्याची भीती इतर गटांपेक्षा त्यांच्यातच अधिक दिसली. मनाला पटलेलं तत्त्व भीतीपर्यंत पोहोचतंच असं नाही.

मग ही श्रद्धा निरुपयोगी का? मला तसं वाटत नाही. परलोकाचं चित्र मनात कसं आहे, यावर बरंच अवलंबून असतं. तिथे प्रेमाची माणसं भेटतील, शांतता असेल असं मानणाऱ्यांचं मानसिक आरोग्य अमेरिकेतल्या पाहण्यांत तुलनेनं चांगलं दिसतं. भयाण चित्र बाळगणाऱ्यांचं तसं दिसत नाही. मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गामेंट यांनी रुग्णालयात दाखल झालेल्या ५९६ वयस्क रुग्णांचा दोन वर्षं मागोवा घेतला. देवानं आपल्याला टाकलं, त्याचं आपल्यावर प्रेम उरलं नाही किंवा हे सैतानाचंच काम, असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण जास्त होतं. मुळातल्या आजाराची तीव्रता हिशेबात धरूनही हा फरक उरला. दिलासा देणारी श्रद्धाच अशी उलटते, तेव्हा आजारी माणूस फार एकटा पडतो. त्याला त्या अवस्थेत उपदेश करणं मला क्रूर वाटतं.

शेवटच्या दिवसांतले निर्णय हा आणखी गुंतागुंतीचा भाग. कर्करोग बळावलेल्या ३४५ रुग्णांच्या २००९ मधल्या एका अभ्यासात, श्रद्धेचा भक्कम आधार घेणाऱ्यांनी अखेरच्या आठवड्यात कृत्रिम श्वासोच्छ्वासासारखे जड उपचार अधिक प्रमाणात घेतले. परलोकावर भरवसा असलेला माणूस इथून शांतपणे निघेल, ही अपेक्षा इथे खोटी ठरली. कदाचित चमत्काराची आशा, कदाचित जीवन ही देवाची ठेव आहे ही भावना. कारणं अनेक असू शकतात. पण अशाच रुग्णांच्या २०१३ मधल्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. धर्मसमुदायाचा भरपूर आधार असलेल्यांपैकी ज्यांच्याशी डॉक्टर-परिचारिकांच्या चमूनंही श्रद्धेविषयी बोलून आधार दिला, त्यांनी असे जड उपचार कमी घेतले आणि वेदना शमवणाऱ्या सेवेकडे ते अधिक वळले. श्रद्धेविषयीचा प्रश्न विचारायला ना यंत्र लागतं ना औषध, तरी तो रुग्णाच्या खाटेपाशी फार क्वचित विचारला जातो.