धार लावणे

धार लावणे : सुरी, विळी, कोयता, वस्तरा, कात्री अशा पात्याच्या हत्यारांची बोथटलेली कड दगडावर, कानशीने किंवा साणेच्या चाकावर घासून पुन्हा तीक्ष्ण करण्याची क्रिया. पात्यावरचा गंज काढणे, झिलई देणे आणि तेलाचा हात फिरवून ठेवणे ही कामेही परंपरेने हिच्यातच धरली जातात. दर वेळी धार लावताना पात्याचा थोडा धातू कायमचा जातो. त्यामुळे पाते किती वर्षे टिकेल हे धार किती वेळा लावली आणि तीत किती धातू गेला यावर बरेचसे ठरते.

संज्ञा व व्युत्पत्ती : मराठीत या क्रियेला निसणे, पाजवणे, पाजळणे, धार लावणे किंवा धार काढणे असे अनेक शब्द आहेत (‘धार काढणे’चा गोठ्यातला अर्थ वेगळा). संस्कृत धातुपाठात (क्रियापदांच्या मूळ रूपांच्या, म्हणजे ‘धातूं’च्या यादीत) ‘शो’ या धातूचा अर्थ ‘तनूकरण’, म्हणजे पातळ करणे, असा दिला आहे. शाण (धारेचा दगड), शित, निशित (धार लावलेले) हे शब्द त्यापासून झाले. मराठी निसणे आणि निसणा (धारेचा दगड) यांचे मूळही ‘नि + शो’मध्येच असावे. व्याकरणकारांनी ‘तीक्ष्ण करणे’ न म्हणता ‘पातळ करणे’ म्हटले, हे लोखंड-पोलादाच्या शास्त्राच्या दृष्टीनेही अचूक आहे. ‘सहाण’ हा शब्द शाण याचेच रूप मानतात. मात्र आजच्या मराठीत सहाणेवर चंदन उगाळतात, पाते क्वचितच घासतात. धारेच्या अर्थाने कारागिरांच्या बोलण्यात ‘साण’ हे रूप राहिले. ‘शहाणा’ म्हणजे साणेवर चढलेला, ही व्युत्पत्ती गमतीची असली तरी ग्राह्य नाही; तो शब्द ‘सज्ञान’पासून आला, असे सामान्यतः मानले जाते.

‘पाजवणे’ या शब्दाची उकल अधिक अडचणीची आहे. ती दोन प्रकारे करता येते. ‘पाजळणे’ हा जवळचा शब्द ‘प्रज्वल्’पासून आला असून त्याचा मूळ अर्थ दिवा पेटवणे, उजळणे असा आहे. त्यावरून पाते उजळणे आणि पुढे धार लावणे असा अर्थविस्तार झाला, पाजवणे हे त्याचेच झिजलेले रूप, ही पहिली उपपत्ती. दुसरी ‘पा’ (पिणे) या धातूच्या प्रयोजक रूपाकडे बोट दाखवते : पाजवणे म्हणजे पात्याला पाणी पाजणे. तापवलेले पोलाद पाण्यात बुडवून कठीण करण्याला लोहार आजही ‘पाणी देणे’ किंवा ‘पाणी पाजणे’ म्हणतात. या उपपत्तीला जुना आधार आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत (सामान्यतः इ. स. सहावे शतक) खड्गलक्षणाच्या अध्यायात शस्त्राला द्यायच्या ‘पाना’चे अनेक प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी एका श्लोकात केळीचा क्षार ताकात मिसळून एक दिवस ठेवावा, त्याचे पान दिलेले (‘पायित’) आणि नीट धार लावलेले (‘सम्यक् शित’) लोखंड दगडावर भंगत नाही व इतर लोहांवर बोथटत नाही, असे म्हटले आहे. त्याच अध्यायात घोडी, उंटीण व हत्तिणीच्या दुधाचे पानही येते. त्याचा संबंध धातूपेक्षा शुभाशुभाशी असावा. क्षाराच्या द्रावणाचे मात्र तसे नाही, क्षारयुक्त पाण्यात पोलाद साध्या पाण्यापेक्षा लवकर निवते. पान आणि शित या दोन लागोपाठच्या पायऱ्या या श्लोकात शेजारी आल्याने पहिलीचे नाव पुढे दुसरीला लागले असणे शक्य आहे. दोन्ही शब्द बोलण्यात एकमेकांत मिसळून गेले असल्याने निर्णायक काही सांगता येत नाही. तरी पाजवणे हा शब्द स्वतंत्र धरणे जास्त सयुक्तिक वाटते.

शिकलगार : अरबीत ‘स-क-ल’ या धातूचा अर्थ घासून चकचकीत करणे असा होतो. त्यापासूनच्या ‘सैकल’ला फार्सी ‘गर’ प्रत्यय लागून सैकलगर, सिकलीगर, शिकलगार ही रूपे झाली. शस्त्रे घासूनपुसून लखलखीत करण्याला मराठीत ‘शिकल’ म्हणत. म्हणजे मुळात हा कारागीर झिलईचा. धारेचे काम त्याच्याकडे ओघाने आले. कबीराच्या नावावर असलेल्या एका साखीत गुरूला सिकलीगर म्हटले असून त्याच्या हाती ‘मसकला’ हे घासण्याचे हत्यार दिले आहे, आणि मनाचा मळ काढून चित्ताचा आरसा करण्याचे काम त्याला सांगितले आहे. मसकला हा शब्दही त्याच अरबी धातूचा. आरसे धातूचे असत, त्या काळाची ही प्रतिमा आहे. मात्र कबीरवाणीची संकलने नंतरची असल्याने केवळ या साखीवरून पंधराव्या शतकातील व्यवसायाविषयी अनुमान काढताना सावध राहावे लागते.

महाराष्ट्रात शिकलगार हे आडनाव व व्यवसाय मुख्यतः सांगली, सातारा, कोल्हापूर, पुणे या भागांतील मुस्लिम कुटुंबांत आढळतो. नांदेड व उर्वरित मराठवाड्यात शीख सिकलीगर आहेत. हे नाव गुरू गोविंदसिंहांनी दिले, अशी त्यांची परंपरा आहे. नावाचा अरबी-फार्सी उगम आणि अन्य धर्मीयांतील वापर पाहता ते त्याआधीही रूढ असावे, पण समाजाला ते सन्मानाने मिळाले या परंपरेला त्यामुळे बाध येत नाही. यांच्याहून वेगळा समाज घिसाडी लोहारांचा. गाडीवर किंवा गाढवावर भाता लादून गावोगाव फिरणारे हे लोक विळे, खुरपी, कोयते घडवतात आणि जुन्यांना पाणी देऊन धार लावतात. भाषातज्ज्ञ ग्रिअर्सनच्या भारतातील भाषांच्या सर्वेक्षणात त्यांची बोली (तारीमूकी किंवा घिसाडी) गुजराती गटात घातली आहे. १८७८ च्या शस्त्र कायद्यानंतर हत्यारे बाळगण्यावर परवान्याचे बंधन आले, तेव्हा तलवारीवर पोट असलेल्यांना सुऱ्या-कात्र्यांकडे वळावे लागले असणार, हे उघड आहे.

धारेचे दगड : महाराष्ट्राचा बराचसा भाग बेसाल्टचा. पाट्या-वरवंट्याला हा दगड उत्तम; धारेसाठी तो साधारणच. खडबडीत कड मोडायला पाट्याची कडा किंवा विहिरीच्या काठाचा दगड चालतो, आणि अनेक विहिरींच्या काठांवर विळ्यांनी घासून पडलेल्या गुळगुळीत खोलगट खुणा दिसतात. बारीक कामासाठी कुरुंद लागतो. हे ॲल्युमिनियमचे ऑक्साइड असून मोज मापनश्रेणीत (खनिजांची कठिनता १ ते १० अशी लावणारी श्रेणी) त्याची कठिनता ९ आहे, म्हणजे हिऱ्याच्या खालोखाल. माणिक व नीलम ही त्याचीच रत्नरूपे. भंडारा जिल्ह्यात पोहरा परिसरात सिलिमनाइट या खनिजाच्या सोबतीने कुरुंद सापडतो. दक्षिणेत सेलम व जुन्या म्हैसूर संस्थानाचा भाग त्यासाठी प्रसिद्ध होता.

‘कुरुंद’ याचा संबंध संस्कृत ‘कुरुविंद’ आणि तमिळ ‘कुरुंदम्’ या दोहोंशी आहे. इंग्रजी ‘कोरंडम’ही याच कुळातला. संस्कृतातून दक्षिणेत गेला की दक्षिणेतून संस्कृतात आला, याविषयी एकमत नाही. बृहत्संहितेत पद्मराग (माणिक) हा सौगंधिक, कुरुविंद व स्फटिक यांच्यापासून उत्पन्न होतो असे सांगितले आहे. म्हणजे त्या काळी हा शब्द खनिजवाचक होताच. परंतु कोशांत कुरुविंद म्हणजे नागरमोथ्याचे गवतही आहे. एकाच शब्दाचे असे परस्परांशी काही देणेघेणे नसलेले अर्थ असले की त्यांतला एक उसना असण्याचा संभव वाढतो. मुख्य खाणी दक्षिणेत होत्या हे लक्षात घेतल्यास द्राविडी उगमाचे पारडे किंचित जड वाटते. युरोपीय खनिजशास्त्रात हे नाव रुळायला ब्रिटिश खनिजसंग्राहक चार्ल्स ग्रेव्हिलचा आशियातील कुरुंदावरील १७९८ चा निबंध बराचसा कारणीभूत झाला.

शिकलगारांचे चाक कुरुंदाच्या भुकटीत लाख मिसळून केलेले असे. त्याच्या कण्याला चामड्याचा पट्टा गुंडाळून मदतनीस त्याची दोन्ही टोके आळीपाळीने ओढी आणि चाक उलटसुलट फिरे. लाख ७५ ते ८० अंश सेल्सिअसला पातळ होऊ लागते. त्यामुळे या चाकावर घाई करणे शक्यच नव्हते : जोर केला की चाकच बिघडायचे. पात्याचे पाणी (पाणी देऊन आलेला कडकपणा) न उतरण्यामागे कारागिराच्या संयमाइतकाच या लाखेचाही वाटा असावा.

अमेरिकेत एडवर्ड ॲचेसन याला १८९१ मध्ये विजेच्या भट्टीत सिलिकॉन कार्बाइड मिळाले. ते कार्बन आणि कुरुंद यांचे संयुग असावे अशा समजाने त्याने ‘कार्बोरंडम’ हे नाव दिले. समज चुकीचा ठरला. नाव टिकले, आणि आज किराणा-भांड्याच्या दुकानात मिळणाऱ्या करड्या-काळ्या दुपाखी दगडालाही तेच चिकटले आहे. भारतात साणेची चाके बनवण्याचा उद्योग १९४० च्या दशकात उरणजवळ मोरा येथे सुरू झाला. मद्रासमध्ये त्याचा मोठा कारखाना १९५४ नंतर उभा राहिला.

धारेचे स्वरूप : पात्याच्या दोन बाजू जिथे मिळतात ती रेषा म्हणजे धार. युरोपीय धाटणीच्या स्वयंपाकाच्या सुरीत प्रत्येक बाजूचा कोन सुमारे २० अंश, जपानी सुरीत १५ अंश किंवा कमी, तर उसाच्या कोयत्यासारख्या आघाताच्या हत्यारात २५ ते ३० अंश ठेवतात. कोन लहान तेवढे कापणे हलके, पण कड नाजूक. सुरी बोथटली असे आपण म्हणतो तेव्हा बहुधा धातू झिजलेला नसतो, कड एका बाजूला कलंडलेली असते. खाटीक मांस कापता कापता मधूनच पोलादी सळईवर सुरीचे दोनचार हात मारतात ते ही कड सरळ करण्यासाठी. त्यात धातू जवळजवळ जात नाही. घरोघरी नेमकी हीच पायरी गाळून थेट दगड किंवा चाक गाठले जाते. न्हाव्याच्या धोकटीतली चामड्याची पट्टी वस्तऱ्यासाठी हेच काम आणखी नाजूकपणे करते.

दगडावर धार लावताना कोन शेवटपर्यंत तोच राखणे, एवढेच कौशल्य आहे. सुरीचे पाते ३० मिमी रुंद असेल तर १५ अंशांसाठी तिची पाठ दगडापासून सुमारे ८ मिमी उचलावी लागते. करंगळीचे टोक कसेबसे खाली सरकेल एवढी. दगड पाण्याने भिजवून एका बाजूला घासत गेल्यावर दुसऱ्या बाजूला बोटाला खरखरीत पापुद्रा लागतो. कारखान्यांतले कामगार त्याला ‘बर’ म्हणतात. तो मुळापासून टोकापर्यंत सलग लागला की बाजू बदलावी. न लागताच बदलली तर धार बसत नाही. कणांचा क्रमांक जितका मोठा तितका दगड बारीक. तुटकी कड दुरुस्त करायला २००-४००, नेहमीसाठी १,०००, झिलईला ३,००० व पुढचे क्रमांक वापरतात. भाजीच्या सुरीला १,००० पुरे. त्याहून गुळगुळीत कड टोमॅटोच्या सालीवरून घसरते, असा अनेकांचा अनुभव आहे. चिनी मातीच्या कपाच्या बुडाची झिलई नसलेली कड ही घरगुती, आणि वाईट नसलेली, सोय.

सायकल स्टँडवर उभी करून पायडलवर साण फिरवणारा धारवाला शहरांत अजून दिसतो. त्याच्या चाकावरून उडणाऱ्या ठिणग्या पोरांना आवडतात. पात्याला त्या परवडत नाहीत. कोरड्या, वेगवान चाकावर कड क्षणात तापते. पोलाद सुमारे २२० अंशांना पिवळसर आणि ३०० अंशांच्या आसपास निळे पडते. निळी रेघ उमटली म्हणजे तिथले पाणी उतरले. अशी सुरी घरी आणल्यावर आठवडाभर छान चालते आणि मग एकदम बोथटते. मध्ये मध्ये पाण्यात बुडवणाऱ्या धारवाल्याला म्हणूनच मान.

विळी व कोयता : विळीचे पाते पाटाला पक्के असल्याने ते सळईवर फिरवता येत नाही, दगडच हातात धरून पात्यावर फिरवावा लागतो. भाजी नेहमी एकाच उंचीवर दाबली जात असल्याने जुन्या विळीच्या पात्याला त्या जागी खोलगट बाक पडलेला दिसतो. धार लावणाराही तिथेच जास्त घासतो, आणि बाक वाढतो. उपाय असा की आधी वर-खालचा भाग घासून रेषा एकसंध करावी. विळीची (मोरळी, मालवणीत आडाळो) पाती बहुधा साध्या पोलादाची असत. केळफूल चिरताना त्यातल्या टॅनिनाची लोखंडाशी प्रक्रिया होऊन पाते व भाजी दोन्ही काळी पडतात. फणसाला आधी पात्याला खोबरेल चोळतात, कारण चीक एकदा वाळला की तो काढताना धारेचाही बळी जातो.

ऊसतोडीत कोयत्याला इतके महत्त्व आहे की तोडणाऱ्या जोडप्यालाच ‘एक कोयता’ म्हणून मोजतात. या कोयत्याला रोज कानस लागते. त्याचे पोलाद मुद्दाम फार कडक ठेवत नाहीत. कडक ठेवले तर दगडावर बसताच तुकडा उडेल, आणि कानसही चालणार नाही.

गंज व जपणूक : हवेतील आर्द्रता साधारण ६० टक्क्यांवर गेली की लोखंड गंजण्याचा वेग वाढतो, कोकणात पावसाळाभर ती याहून बरीच वर असते आणि खाऱ्या हवेची भर वेगळी. तांबडा गंज सच्छिद्र असल्याने खाली खात जातो. जुन्या विळीवरचा काळसर थर मात्र घट्ट असतो व काही अंशी संरक्षण देतो. तो घासून पाते चांदीसारखे करण्याचा सोस पात्याच्या मुळावर येतो. पूर्वी राख किंवा विटेची वस्त्रगाळ पूड वापरत. लिंबू, चिंच, कोकम कापल्यावर किंवा पात्याला लागल्यावर लगेच धुऊन कोरडे करावे, साध्या पोलादाला तेलाचे बोट लावावे. हॅरी ब्रेअर्लीने १९१३ मध्ये शेफिल्डला केलेल्या प्रयोगांनंतर स्टेनलेस पोलादाच्या सुऱ्या आल्या. त्यांत किमान सुमारे १०.५ टक्के क्रोमियम असते. त्यांना गंजाचा त्रास कमी, पण खारट पाण्यात पडून राहिल्यास त्यांवरही टाचणीएवढे खड्डे पडतात. काच, ग्रॅनाइटचा ओटा आणि स्टीलचे ताट यांवर कापणे हे कोणत्याही पोलादाला सारखेच घातक. लाकडी पाट बरा. सुऱ्या डब्यात एकमेकींवर आपटत ठेवू नयेत.

आश्विन शुद्ध नवमीला, खंडेनवमीला, शस्त्रे व अवजारे घासूनपुसून पुजतात (खंडे म्हणजे खांडा, तलवार). पावसाळा सरल्यावर आणि मोहिमेआधी हत्यारांचा गंज काढायची ही वेळ होती, म्हणून सणाला हे रूप आले, असा तर्क केला जातो. कालक्रम जुळतो, एवढ्यावरून कार्यकारण मात्र सिद्ध होत नाही. आज कारखान्यांत लेथ-ड्रिलिंग यंत्रांना त्या दिवशी झेंडू वाहतात, आणि अनेक घरांत विळी वर्षातून एकदा तरी धारेला जाते ती त्याच्या आदल्या दिवशी.