कागदपत्रांविना विद्यार्थ्यांचे उच्चशिक्षण : कॅलिफोर्निया

अमेरिकेत राहण्याचा कायदेशीर परवाना नसलेल्या मुलामुलींना विद्यापीठात शिकता यावे म्हणून कॅलिफोर्निया राज्याने २००१ पासून कायद्यांनी आणि विद्यापीठांच्या नियमांनी उभी केलेली व्यवस्था. या विद्यार्थ्यांना तिकडे ‘अनडॉक्युमेंटेड’ म्हणतात. त्यांतले बहुतेक लहानपणी आईवडिलांबरोबर आलेले असतात. काहींच्या घरच्यांनी सीमा ओलांडलेली असते, तर काही जण व्हिसावर येऊन मुदत संपल्यावर तिथेच राहिलेले असतात. अमेरिकेच्या महाविद्यालयांत आणि विद्यापीठांत असे सुमारे चार लाख विद्यार्थी असावेत, असा अंदाज केला जातो. आपल्याकडे कागद नाहीत हे अनेकांना सोळाव्या-सतराव्या वर्षी, वाहन परवान्याचा किंवा कॉलेजचा अर्ज भरताना पहिल्यांदा कळते.

शाळेचा प्रश्न त्याआधीच सुटला होता. टेक्सासने १९७५ मध्ये कायदा करून अशा मुलांसाठीचे राज्याचे अनुदान बंद केले आणि टायलर गावच्या शाळा त्यांच्याकडून वर्षाला १,००० डॉलर मागू लागल्या. ‘प्लायलर विरुद्ध डो’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १५ जून १९८२ रोजी पाच विरुद्ध चार मतांनी तो कायदा रद्द केला. आईवडिलांच्या कृतीची शिक्षा मुलांना देता येणार नाही, हा न्यायमूर्ती ब्रेनन यांच्या निकालपत्राचा गाभा होता. पण हे संरक्षण बारावीपर्यंतच पोचते. त्यापुढे काय, याचे उत्तर निकालात नव्हते आणि पुढची चाळीस वर्षे ते राज्याराज्यांत वेगवेगळे दिले गेले.

मुळात प्रवेशाला केंद्रीय कायद्याची आडकाठी नाही, आणि हे फार कमी पालकांना ठाऊक असते. कागद नसलेल्या विद्यार्थ्याला विद्यापीठाने घेऊ नये, असे कोणताही केंद्रीय कायदा म्हणत नाही. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या अर्जात सोशल सिक्युरिटी क्रमांकाचा (सरकारी ओळख क्रमांकाचा) रकाना कोरा सोडता येतो. अडते ते पैशांपाशी. राज्याबाहेरच्या विद्यार्थ्याला या विद्यापीठात मूळ शुल्काखेरीज वर्षाला ३० हजार डॉलरहून अधिक जादा शुल्क भरावे लागते. पेल ग्रँटसारखी केंद्र सरकारची मदत आणि केंद्राची कर्जे यांची दारे या मुलांना पूर्ण बंद आहेत. दुकानात, शेतात किंवा बांधकामावर राबणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने एवढ्या रकमेची मागणी आणि प्रवेश नाकारणे यांत फरक उरत नाही.

१९९६ च्या केंद्रीय स्थलांतर कायद्याने पेच वाढवला. राज्यात ‘राहतो’ या आधारावर कागद नसलेल्या विद्यार्थ्याला सवलत द्यायची असेल, तर तीच सवलत राज्याबाहेरच्या अमेरिकन नागरिकालाही द्यावी लागेल, अशी अट त्यात आहे. यातून वाट काढणारा कायदा टेक्सासने २००१ च्या जूनमध्ये सर्वप्रथम केला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर ग्रे डेव्हिस यांनी आमदार मार्को फायरबॉ यांच्या विधेयकावर सही केली. राज्याबाहेरच्या जादा शुल्कातून सूट देणारा तोच ‘एबी ५४०’ (असेंब्ली बिल ५४०). आजही विद्यार्थी स्वतःची ओळख ‘मी एबी ५४० आहे’ अशी करून देतात.

एबी ५४० ची खुबी त्याच्या अटींत आहे. आपल्याकडच्या डोमिसाइलसारखा वास्तव्याचा दाखला तो मागतच नाही. राज्यातल्या हायस्कुलात तीन वर्षे शिकलात का आणि तिथला अभ्यासक्रम किंवा समकक्ष परीक्षा पार केलीत का, एवढेच तो विचारतो. त्यामुळे कॅलिफोर्नियात शिकून पुढे दुसऱ्या राज्यात राहायला गेलेल्या अमेरिकन नागरिकालाही तीच सवलत मिळते, आणि प्रत्यक्षात तिचा लाभ घेणाऱ्यांत नागरिकही बरेच असतात. ‘मार्टिनेझ विरुद्ध रीजंट्स’ खटल्यात (रीजंट्स म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचे नियामक मंडळ) राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये याच मुद्द्यावर कायदा एकमताने वैध ठरवला. २०१७ च्या दुरुस्तीने कम्युनिटी कॉलेज (दोन वर्षांचे सार्वजनिक महाविद्यालय) आणि प्रौढशाळेतली वर्षेही धरली जाऊ लागली. नोकरी करत रखडत शिकणाऱ्यांना तिचा मोठा उपयोग झाला.

या सवलतीसाठी एक प्रतिज्ञापत्र भरावे लागते. ते छोटेच असते : शाळांची नावे, वर्षे, सही. कागद नसलेल्या विद्यार्थ्याने त्यात आणखी एक विधान करायचे असते. कायदेशीर दर्जासाठी मी अर्ज केला आहे, किंवा पात्र होताच करीन. घरोघरी हात अडखळतो तो इथेच. आयुष्यभर जे कुणाला सांगायचे नाही असे आईने बजावलेले असते, ते सरकारी कागदावर लिहून द्यायचे! विद्यार्थ्यांच्या नोंदी गुप्त ठेवणारा १९७४ चा केंद्रीय कायदा आणि राज्याचे गोपनीयतेचे नियम या माहितीचे रक्षण करतात. तरीही सही करण्यापूर्वी कुणीतरी शेजारी बसून हे समजावून सांगावे लागते, आणि समुपदेशकाचा बराचसा वेळ त्यातच जातो.

शुल्क कमी झाले तरी ते भरायला पैसे लागतातच. आमदार गिल सेडियो यांनी अनेक वर्षे लावून धरलेली दोन विधेयके २०११ मध्ये गव्हर्नर जेरी ब्राउन यांच्या सहीने कायदा झाली. त्यांना मिळून ‘कॅलिफोर्निया ड्रीम ॲक्ट’ म्हणतात. पहिल्याने विद्यापीठांमार्फत दिल्या जाणाऱ्या खासगी शिष्यवृत्त्या खुल्या केल्या, तर दुसऱ्याने कॅल ग्रँटसह राज्याच्या तिजोरीतली मदत. आर्थिक मदतीसाठीच्या केंद्राच्या ‘फाफ्सा’ अर्जाऐवजी ही मुले राज्याच्या विद्यार्थी साहाय्य आयोगाकडे वेगळा अर्ज करतात. २०१४ च्या कायद्याने राज्याच्या दोन्ही सार्वजनिक विद्यापीठांत (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया आणि कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी) ‘ड्रीम लोन’ही सुरू झाले. मर्यादा वर्षाला ४,००० डॉलर, एकूण २०,०००. स्वतः नागरिक असलेल्या, पण आईवडिलांकडे कागद नसलेल्या विद्यार्थ्यांचीही २०२४ मध्ये फाफ्साच्या नव्या संगणकीय अर्जामुळे कोंडी झाली. तेव्हा आयोगाने त्यांनाही राज्याचा अर्ज भरण्याची मुभा दिली.

कायद्यांच्या आधी विद्यार्थी स्वतःच संघटित झाले होते, आणि या इतिहासातला तो भाग सर्वांत तेजस्वी आहे असे म्हणायला हरकत नाही. लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात ‘आयडियाज’ हा गट २००३ मध्ये स्थापन झाला. त्यातल्या टॅम ट्रॅन हिचा जन्म जर्मनीत, व्हिएतनाममधून निर्वासित झालेल्या आईवडिलांच्या पोटी झाला होता. जर्मनीने तिला आपले मानले नाही, व्हिएतनामनेही नाही. वाढली ती अमेरिकेत. २००७ मध्ये तिने अमेरिकी संसदेच्या (काँग्रेसच्या) उपसमितीपुढे साक्ष दिली आणि नाव-चेहरा लपवणाऱ्या एका पिढीला आवाज दिला. पुढे ती ब्राउन विद्यापीठात पीएचडी करत असताना २०१० मध्ये मोटार अपघातात गेली. अपघातात तिच्यासोबत तिची मैत्रीण सिंथिया फेलिक्सही दगावली. त्याच वर्षाच्या अखेरीस अशा तरुणांना कायदेशीर दर्जा देऊ पाहणारा केंद्राचा ‘ड्रीम ॲक्ट’ प्रतिनिधिगृहात मंजूर झाला, पण सिनेटमध्ये अडला.

आवारातली केंद्रे नंतर आली. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या बर्कली आवारातला कार्यक्रम आरंभीच्या आणि नावाजलेल्या कार्यक्रमांपैकी एक. तिथे एकाच छताखाली सल्लागार, वकिलांची भेट, मानसिक आरोग्याची मदत आणि सत्रापुरती पाठ्यपुस्तके उसनी देणारे ग्रंथालय मिळते. याच विद्यापीठाच्या डेव्हिस आवारातल्या विधी महाविद्यालयात मुख्यालय असलेले कायदे मदत केंद्र विद्यापीठाच्या इतर आवारांतल्या विद्यार्थ्यांना आणि त्यांच्या कुटुंबीयांना मोफत वकील देते. २०१९ च्या कायद्याने कम्युनिटी कॉलेजे आणि कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीच्या प्रत्येक आवारात या विद्यार्थ्यांसाठी संपर्क अधिकारी नेमणे बंधनकारक केले. या केंद्रांचे मोल सोयींच्या यादीवरून कळत नाही. प्रवेश, शुल्क, मदत आणि स्थलांतर कायदा या चार खिडक्यांवर चार वेगळी उत्तरे मिळतात. ती जुळवून सांगणारा माणूस नसला की मुले वाटेतच शिक्षण सोडतात.

राज्याला देता येत नाही ती गोष्ट म्हणजे काम करण्याचा परवाना. १९८६ च्या केंद्रीय कायद्याने कागद नसलेल्यांना नोकरी देण्यास बंदी आहे. १५ जून २०१२ रोजी, प्लायलर निकालाला नेमकी तीस वर्षे झाली त्या दिवशी, ओबामा सरकारने लहानपणी आलेल्यांची हद्दपारी तात्पुरती थांबवणारे ‘डाका’ धोरण जाहीर केले आणि अनेकांना काम करण्याची तात्पुरती मुभा मिळाली. त्या आदेशावर सही करणाऱ्या जॅनेट नापोलिटानो पुढे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या अध्यक्ष झाल्या आणि ट्रम्प सरकारने डाका गुंडाळायला घेतल्यावर विद्यापीठाने २०१७ मध्ये खटला भरला. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयात विद्यापीठ जिंकले. पण डाकासाठी १५ जून २००७ पूर्वीपासून अमेरिकेत असणे आवश्यक आहे, आणि २०२१ च्या न्यायालयीन आदेशापासून नव्या अर्जांवर निर्णयच होत नाहीत. त्यामुळे आज कॉलेजात येणाऱ्या बहुतेकांकडे ते नाही. प्रयोगशाळेत साहाय्यक म्हणून किंवा ग्रंथालयात चार तास काम करून खर्च भागवणे, ही इतरांना सहज मिळणारी वाट त्यांना बंद असते. विद्यापीठानेच त्यांना नोकरी द्यावी ही मागणी रीजंट्सनी २०२४ च्या जानेवारीत लांबणीवर टाकली आणि तशा विधेयकावर गव्हर्नर न्यूसम यांनी नकाराधिकार वापरला. २०२५ मध्ये राज्याच्या अपील न्यायालयाने विद्यापीठाचे हे धोरण भेदभावाचे ठरवून फेरविचार करण्यास सांगितले.

इतरत्र वारे उलटे वाहत आहे. साउथ कॅरोलायना आणि अलाबामाने प्रवेशावरच निर्बंध घातले आहेत. ज्या टेक्सासने वाट दाखवली, तिथला कायदा २०२५ च्या जूनमध्ये केंद्राने खटला भरला त्याच दिवशी राज्याच्या संमतीने रद्द झाला, आणि फ्लोरिडाने आपली सवलत त्याच वर्षी काढून घेतली. नोव्हेंबरमध्ये केंद्राने कॅलिफोर्नियावरही खटला भरला.

भारताशी या विषयाचा संबंध वाटतो त्याहून जवळचा आहे. प्यू रिसर्च सेंटरच्या २०२१ सालासाठीच्या अंदाजात कागद नसलेल्या स्थलांतरितांत मेक्सिको आणि एल साल्वाडोरनंतर भारतीयांचा क्रमांक होता. बे एरिया किंवा न्यू जर्सीतल्या मराठी घरांना परिचित असलेली अडचण मात्र वेगळी : एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आलेल्या आईवडिलांची, एच-४ या आश्रितांच्या व्हिसावर वाढलेली मुले. ग्रीन कार्डाची रांग लांबत जाते आणि एकविसाव्या वर्षी मुलाचा आश्रित दर्जा संपतो. मग त्याने विद्यार्थी व्हिसा घ्यायचा किंवा देश सोडायचा. ही मुले अनडॉक्युमेंटेड नाहीत. केंद्राची आर्थिक मदत त्यांनाही मिळत नाही, आणि १५ जून २०१२ रोजी कायदेशीर दर्जा असलेल्यांना डाका लागू नसल्याने तोही रस्ता त्यांच्यासाठी नव्हता.