महाग तंतू, मोक्याची जागा

गाडीचं वजन 10 टक्क्यांनी घटलं की इंधनात साधारण 6 ते 8 टक्के बचत होते. तरीही पोलादाऐवजी सगळी गाडी हलक्या कार्बन फायबरची, म्हणजे कार्बनच्या तंतूंची, करणं परवडत नाही. 1981 मध्ये मॅकलारेनने फॉर्म्युला वनच्या गाडीचा सांगाडा कार्बन फायबरचा केला, 2013 मध्ये बीएमडब्ल्यूची कार्बन फायबरचा सांगाडा असलेली आय3 ही गाडी आली. सर्वसामान्यांच्या गाड्या मात्र अजून बहुतांशी पोलादाच्याच आहेत. कारण या तंतूचा जन्मच खर्चिक. पॉलिअ‍ॅक्रिलोनायट्राइल या प्लॅस्टिकचे धागे आधी 200 ते 300 अंश सेल्सिअसला हवेत भाजायचे, मग नायट्रोजनमध्ये हजार अंशांच्या वर तापवायचे. यात मूळ धाग्याचं जवळपास निम्मं वजन उडून जातं.

काचेचा तंतू पुष्कळ स्वस्त. ताठपणात तो कार्बनच्या एक तृतीयांशाच्या आसपास, पण चिवट: कार्बन दीड-दोन टक्के ताणला की तुटतो, काच चार टक्क्यांपर्यंत तग धरते. मग दोन्ही एकाच रेझिनमध्ये, म्हणजे तंतूंना धरून ठेवणाऱ्या प्लॅस्टिकमध्ये, बसवले तर? यालाच हायब्रिड कॉम्पोझिट म्हणतात. माझ्या मते इथे किती कार्बन घातला यापेक्षा तो कुठे घातला हे जास्त महत्त्वाचं.

बंपरच्या आतली आडवी पट्टी घ्या. ती वाकते तेव्हा एक पृष्ठभाग ताणला जातो, दुसरा दाबला जातो आणि मधल्या भागावर फारसा भारच येत नाही. समजा, सगळी पट्टी कार्बनची असताना तिचा वाकण्याला होणारा विरोध 100 आहे. तेवढ्याच जाडीची निव्वळ काचेची पट्टी 33 वर येईल. आता जाडीच्या फक्त 20 टक्के कार्बन घेऊन तो निम्मा-निम्मा दोन्ही पृष्ठभागांवर चढवला, तर आकडा थेट 66 च्या घरात जातो. तोच कार्बन मधोमध घातला तर जेमतेम 34! माल तेवढाच, खर्चही तेवढाच.

अर्थात ताठपणा म्हणजे ताकद नव्हे. कार्बन ताण जितका सोसतो तितका दाब सोसत नाही, त्यामुळे दाबल्या जाणाऱ्या बाजूला थोडी काच घातली की पट्टी मोडायला जास्त जोर लागतो. शिवाय काचेच्या थरांमध्ये बसवलेला कार्बन एकट्या कार्बनपेक्षा थोडा जास्त ताणला गेल्यावर तुटतो. जपानचे संशोधक हयाशी यांनी 1972 मध्ये ही गोष्ट नोंदवली. काचेचा आणखी एक उपयोग म्हणजे कार्बन थेट अ‍ॅल्युमिनियमला टेकला तर ओलाव्यात अ‍ॅल्युमिनियम गंजतं. मध्ये काचेचा थर असला की ते टळतं.

दाराच्या आतल्या पॅनेलला एवढी ताकद लागतच नाही. तिथे ताग किंवा जवसाचे तंतू चालतात. त्यांची घनता पाण्याच्या दीडपटीच्या आसपास, काचेची अडीचपट. अडचण पाण्याची: हे तंतू ओल शोषून फुगतात आणि प्लॅस्टिकची पकड सुटते. म्हणून त्यांना कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया देतात किंवा बाहेरून काचेचा थर देतात. 200 अंशांपुढे ते करपू लागतात, पण पॉलिप्रॉपिलीन हे प्लॅस्टिक 165 अंशांच्या सुमारास वितळत असल्याने त्याच्याशी त्यांचं छान जमतं.

गाडी भंगारात गेल्यावर मात्र हाच मिलाफ नडतो. रेझिन जाळून तंतू सोडवायचे म्हटलं तर ताग जळून जातो आणि काचेची ताकद बरीच घटते. ताग आणि पॉलिप्रॉपिलीनचं पॅनेल निदान पुन्हा वितळवता येतं. एकदा पक्कं झालेलं इपॉक्सी हे रेझिन मात्र वितळतच नाही.