परके मासे मारायला विषाणू सोडणे : धोके

बाहेरून आणलेला मासा धरणात माजला की जाळ्याने आवरत नाही, मग त्यालाच धरणारा विषाणू पाण्यात सोडायचा अशी ही आयडिया. गाजलेलं उदाहरण ऑस्ट्रेलियाचं. मरे-डार्लिंग नदीतल्या कॉमन कार्पवर (आपल्याकडचा सायप्रिनस, भारतात १९३९ मध्ये आला) कोई हर्पिस विषाणू सोडायचा प्लॅन तिथल्या सरकारने २०१६ मध्ये जाहीर केला.

हा विषाणू मूळचा कुठला यावर वाद आहे. मोठी साथ १९९८ मध्ये इस्रायलमध्ये नोंदली गेली म्हणून बरेच जण तिथूनच सुरुवात धरतात, पण ब्रिटनमध्ये जपून ठेवलेल्या १९९६ च्या सुमाराच्या नमुन्यांत तो सापडल्याचं सांगतात, म्हणजे साथीच्या आधीपासून तो फिरत असावा. इस्रायल, अमेरिका आणि जपानच्या विषाणूंचे जीनोम (म्हणजे संपूर्ण जनुकीय आराखडा) ९९ टक्क्यांहून जास्त जुळतात, तरी जपानचा थोडा वेगळा पडतो. शोभेच्या कोई माशांच्या धंद्यातून तो जगभर गेला हे मत जास्त पटतं.

रोग साधारण १६ ते २८ अंश पाण्यात भडकतो. कल्ले सडतात, डोळे खोल जातात, अंगावर बुळबुळीत थर येतो, आणि ७० ते १०० टक्के मासे मरू शकतात. पाणी ३० अंशांवर गेलं की जोर ओसरतो आणि आजारी कार्प स्वतःहून कोमट पाण्याकडे सरकतात असंही प्रयोगांत दिसलंय, त्यामुळे नाशिकच्या उन्हाळ्यात उथळ पाण्यात त्याचा भरवसा धरता येणार नाही. वाचलेल्या माशांत विषाणू लपून राहतो, त्यांची पिल्लं चिवट निघू शकतात. सशांवर १९५० मध्ये सोडलेल्या मिक्सोमा विषाणूचं असंच झालं.

खरी भीती मेलेल्या माशांची. एकदम टनावारी मासे कुजले की पाण्यातला ऑक्सिजन संपतो, मग देशी मासेही जातात, वर शेवाळ माजतं ते वेगळंच. सडक्या मांसात बोट्युलिझमचे (जंतूंच्या विषाने लकवा आणणारा रोग) जंतू वाढतात आणि पक्षी मरतात. २०१९ मध्ये राजस्थानच्या सांभर सरोवरात बोट्युलिझमनेच हजारो पक्षी गेले. नाशिक जिल्ह्यातलं नांदूर मध्यमेश्वर हे रामसार स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून या बाबतीत नाजूक, हिवाळ्यात पाहुणे पक्षी नेमके तिथेच गर्दी करतात आणि पाणीही तेव्हाच विषाणूला मानवेल असं थंड असतं.

चिलापीसाठी (म्हणजे तिलापिया मासा) तिलापिया लेक विषाणूचं नाव घेतात. तो २०१४ मध्ये ओळखला गेला, भारतातही सापडलाय. पण चिलापी कित्येक ठिकाणी पाळतात, खातात, त्यामुळे तो मुद्दाम सोडला तर मच्छीमार सोसायट्यांच्या पोटावरच पाय येईल. माणसाला या दोन्ही विषाणूंची लागण होत नाही.