आभाळ भरलं म्हणून जीपीएस बंद पडत नाही

सातपुड्यावर काळे ढग चढले की खान्देशातल्या ग्रुपांवर हा मेसेज हमखास येतो: ‘आभाळ भरलं की जीपीएस बंद पडतं.’

समज अनुभवातूनच आलाय. पाऊस लागतो, वीज जाते, टॉवर बसतो आणि नकाशा उघडत नाही. पण तिथे अडतं ते इंटरनेट. उपग्रहाचा सिग्नल सुमारे २०,००० किलोमीटरवरून थेट फोनवर येतो, टॉवरमार्गे नाही. त्याची तरंगलांबी साधारण १९ सेंटीमीटर; पावसाचा थेंब काही मिलिमीटरचा. त्याला तो काय अडवणार?

हवेचा परिणाम मात्र होतो, आणि खरी गंमत तिथेच आहे. हवेतून येताना सिग्नल किंचित रेंगाळतो. उपग्रह अगदी डोक्यावर असला तरी सिग्नलला लागलेल्या वेळेवरून काढलेलं त्याचं अंतर सव्वादोन ते अडीच मीटर जास्त भरतं. यातला बराचसा वाटा हवेच्या दाबावरून काढता येतो. तो वजा केला की उरतो बाष्पाचा. बाष्पामुळे अंतर साडेसहा सेंटीमीटर जास्त भरलं, तर डोक्यावरच्या सगळ्या बाष्पाचं पाणी केल्यास ते साधारण एक सेंटीमीटर उंच साचेल. एका जागी पक्क्या बसवलेल्या रिसीव्हरवरून शास्त्रज्ञ असंच डोक्यावरचं बाष्प मोजतात.

स्वतः पाहायचंय? नकाशा आधी डाउनलोड करा, फ्लाइट मोड लावा, लोकेशन चालू ठेवा. भरल्या आभाळाखाली खळ्यात उभे राहा. काही मिनिटांत ठिपका येईल. मग पत्र्याच्या गोडाऊनमध्ये शिरा, तो भरकटेल. केळीच्या ओल्या बागेतही थोडा डगमगेल, पण ते पानांचं काम.